आमची वाटचाल : "हॅम" म्हणायचं नाही

सातारला कुणी विचारलं की पोरगी जर्मनीत काय करते तर आई अजूनही "टुरिस्ट लोकांना गाव दाखवते" एवढंच सांगते, ते खोटं नाही पण अर्धंच आहे. गाव दाखवते हे खरं, पण मधे मधे थांबून बिअर चाखवते, आणि तीसुद्धा धुराचा वास असलेली. बांबेर्ग नावाचं गाव आहे, जेमतेम पाऊण लाख वस्ती, एरलांगनहून ट्रेननं अर्ध्या-पाऊण तासावर, तिथं गेली काही वर्षं आमची ही छोटी फर्म चालू आहे. फर्म म्हणजे मी, हिशेब बघणारा नवरा, आणि उन्हाळ्यात मदतीला येणारी एक विद्यार्थिनी, बस.

सुरुवातीपासून सांगते. मी फूड टेक्नॉलॉजीवाली, पुण्याला एका डेअरीच्या लॅबमध्ये चार वर्षं काढली. दूध, तूप, श्रीखंड चाखायचं आणि फॉर्मवर टिक करायची, हेच काम. जीभ आणि नाक तिथं तयार झालं. २०१२ ला लग्न होऊन एरलांगनला आले, नवरा इथं इंजिनिअर, मी वर्षभर जर्मनचे क्लास आणि घर. बिअरचं म्हणाल तर पुण्यात २००९ ला डूलाली नावाचा स्वतःची बिअर बनवणारा पब सुरू झाला तेव्हा मैत्रिणींबरोबर दोन-तीनदा जाऊन आलेले, तेवढीच ओळख.

२०१३ च्या फेब्रुवारीत, मरणाच्या थंडीत, आम्ही पहिल्यांदा बांबेर्गला गेलो आणि सगळे जातात म्हणून श्लेंकेर्लात शिरलो. कॅथेड्रलच्या टेकडीखाली गल्लीत ही खानावळ आहे, त्या घराचा पहिला लेखी उल्लेख १४०५ चा. आत छताच्या तुळया काळ्याकुट्ट, आणि काउंटरवर चक्क लाकडी पिंप, त्याला गॅसची नळी नाही काही नाही, तोटी उघडली की बिअर आपल्या वजनानं ग्लासात उतरते. रंग काळसर तांबूस, वर साईच्या रंगाचा फेस. घोट घेतला आणि नवरा म्हणाला वायर जळालीय कुठंतरी. माझ्या डोक्यात लॅबचा फॉर्म उघडला, "धुरकट, बॅच रिजेक्ट". ग्लासाखालच्या चकतीवर छापलेलं असतं की पहिला घोट विचित्र लागला तरी थांबू नका, आणि गावात कुणालाही विचारा, तिसऱ्या ग्लासाशिवाय ही कळत नाही असंच सांगतील. आम्ही अर्धा ग्लास ठेवून उठलो.

पण डोक्यातून जाईना. डेअरीत जो दोष म्हणून आम्ही माल परत पाठवायचो तोच वास हे लोक शेकडो वर्षं जपतायत, ते कसं काय? मग शनिवारी एकटीच जायला लागले, वही घेऊन.

आता थोडं शास्त्र सांगते, टूरवर पण जवळपास एवढंच सांगते. आपण नाचणी सत्त्व करताना नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, भाजतो, दळतो. बिअरचा माल्ट म्हणजे तेच सातूचं. फरक वाळवण्यात. जुन्या काळी ओला माल्ट लाकडाच्या जाळावरच वाळवायचे, म्हणजे धूर दाण्यात जाणारच, त्यामुळं तेव्हाच्या बहुतेक बिअरला कमीजास्त धुराचा वास असायचाच, त्यात कुणाला नवल नव्हतं. पुढं कोकवर आणि नंतर नुसत्या गरम हवेवर चालणाऱ्या भट्ट्या आल्या, धूर बाजूला झाला, आणि सगळ्यांनी हुश्श केलं. बांबेर्गमध्ये बिअर बनवणाऱ्या दोन घरांनी जुनी भट्टी सोडली नाही, एक श्लेंकेर्ला आणि दुसरं श्पेत्सियाल, ते १५३६ चं. दोघंही आजही आपला माल्ट आपणच बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर धुरवतात. लाकडात लिग्निन असतं, ते जळताना त्यातून ग्वायकॉल आणि सिरिंगॉल अशी द्रव्यं निघतात, धुराचा वास म्हणून आपण जे ओळखतो ते मुख्यतः हेच. बीचसारख्या पानझडी झाडाच्या लाकडातून दोन्ही निघतात, पाइनच्या लाकडातून बहुतांशी पहिलंच, म्हणून कुठल्याही लाकडाचा धूर चालत नाही. आणि बीचवरच इथं हॅमसुद्धा, म्हणजे डुकराच्या मांडीचं मांस, धुरवतात. म्हणजे बिअरला हॅमचा वास नाहीये, दोघांनाही एकाच लाकडाचा वास आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, आमचा धंदा यावरच बसला आणि यावरच उठला.

२०१६ ला म्हटलं आपणच चालू करू. इथं गाइडचं काम करायला खास परवाना लागत नाही, नगरपालिकेत धंद्याची नोंद केली की झालं, आणि वर्षाची उलाढाल तेव्हाच्या हिशेबानं १७,५०० युरोच्या आत असेल तर सेल्स टॅक्सची कटकट नाही. नवरा म्हणाला त्याची काळजी तू करू नकोस, तेवढी उलाढाल कुठं होतेय. (बरोबर होतं त्याचं.)

पहिली टूर मे महिन्यात, सहा जण, सगळे ओळखीतले मराठी, माणशी २५ युरो. मी हुशारी केली, गावात उतरल्या उतरल्या सगळ्यांना थेट श्लेंकेर्लाची मेर्त्सन, म्हणजे त्यांची धुराची मुख्य बिअर, दिली, म्हटलं मुख्य पाहुणा आधी. आणि प्रस्तावना म्हणून मोठ्या उत्साहात सांगितलं, "याला ना अगदी स्मोक्ड हॅमसारखा वास येतो!" सहातले दोघं शुद्ध शाकाहारी. ग्लास तसेच खाली. एक काका म्हणाले, "म्हणजे यात मटण घालतात का हो?" मी समजवायला लागले, काका इथं १४८९ साली बिशपनं फर्मान काढलंय, माल्ट, हॉप्स (ती कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी याशिवाय बिअरमध्ये काही घालायचं नाही, ते बव्हेरियाचं प्रसिद्ध १५१६ चं आहे ना त्याच्याही २७ वर्षं आधी. काका म्हणाले फर्मान असेल हो पण वास तर मटणाचा आहे. आणि गंमत म्हणजे जे मांसाहारी होते त्यांनाही मग दुसरं काही लागेचना, सगळ्यांचं हॅम हॅम हॅम. सहापैकी चार ग्लास भरलेले राहिले. संध्याकाळी सगळ्यांचे पैसे परत केले, १५० युरो, आणि ट्रेनमध्ये मी आणि नवरा एकमेकांशी बोललो नाही.

नंतरचं वर्ष असंच गेलं, महिन्यातून एखादी टूर, त्यात तोंड वाकडं करणारे जास्त. बंद करावं असं ठरत आलेलं.

२०१७ ला आई आली. आईचं माहेर सातारचं, पेढ्याचं दुकान, लहानपण सगळं कढईसमोर गेलेलं. ती पिणार नाही हे उघड होतं, श्लेंकेर्लात नुसती बरोबर येऊन बसली आणि सगळं बघत होती. मी सवयीनं ग्लास तिच्या नाकाखाली धरला आणि काहीच सांगितलं नाही, म्हणजे ठरवून नाही, तोंडात घास होता. आईनं वास घेतला, परत घेतला आणि म्हणाली, "खवा धुरकटला की असा वास येतो. लाकूड ओलं असलं की धूर कढईवर यायचा, मग असा खवा व्हायचा. गिऱ्हाईक परत करायचं." मग थोडं थांबून, "मला आवडायचा तो. आम्ही पोरं तोच खायचो."

मटण नाही, हॅम नाही, वायर नाही. खवा! आणि मी परत घोट घेतला तर खरंच, धुराच्या मागं खरपूस गोडवा होता, कंदी पेढ्यात असतो तसा, तो मला चार वर्षांत एकदाही लागला नव्हता कारण मी धुरापाशीच थांबत होते. माल्टचा गोडवा तो. आपलं नाक एकाच वासाला लवकर कंटाळतं, दोन-तीन घोटांत धूर मागं सरतो आणि बाकीचं पुढं येतं, गावकरी तिसऱ्या ग्लासाचं सांगतात ते याच्यामुळंच. पण पहिल्या घोटाआधीच कुणी "हॅम" म्हटलं की डोकं तिथंच अडकतं आणि नाक कितीही कंटाळलं तरी डोकं सोडत नाही.

त्या दिवसापासून आमचा एकच नियम, टूरवर हॅम, बेकन, मांस हे शब्द मी उच्चारत नाही आणि तिसऱ्या बिअरपर्यंत कुणाला उच्चारूही देत नाही. जर्मन गिऱ्हाईक हसतात पण ऐकतात.

आणि क्रम पूर्ण उलटा केला. स्टेशनजवळ ओबेरे क्योनिगश्ट्रासे या रस्त्यावर फेस्ला नावाची ब्रुअरी आहे, तिथं आधी साधी, धूर नसलेली लागर बिअर, जिभेला नुसता माल्ट आणि कडवटपणा ओळखू दे. मग रस्ता ओलांडला की समोरच श्पेत्सियाल, तिथला धूर मवाळ, शेजारच्या घरी चूल पेटलीय एवढाच. मग चालत नदीकडं, पुलावरची जुनी नगरपालिका बघून (फोटो वगैरे होतात, २० मिनिटं जातात, जीभ ताजी होते) श्लेंकेर्लात. तिथंही आधी हेलेस, म्हणजे फिकट बिअर. ही हेलेस माझी सगळ्यात लाडकी, कारण त्यात धुरवलेला माल्ट अजिबात नसतो, पण त्याच भांड्यांतून जाते, तेच यीस्ट वापरतात, म्हणून धुराची सावली येते. लसूण वाटलेल्या मिक्सरमध्ये मिल्कशेक केल्यावर कसं होतं तसं, फक्त इथं ते छान लागतं. आणि मग शेवटी मेर्त्सन, ५.१ टक्केवाली, जिला पहिल्या टूरला मी पुढं केलं होतं. तोवर नाक तयार असतं, कुणी दचकत नाही.

चाखायचं कसं हेही सांगून ठेवते, घरी बाटली आणली तरी उपयोगी. बर्फासारखी गार नको, फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, गार असली की धूर नुसता तिखट लागतो आणि गोडवा झोपलेला असतो. आधी नाक जवळ नेऊन तीन-चार छोटे छोटे हुंगे, एक लांब श्वास नाही, लांब श्वासानं नाक थकतं. मग तोंडभर घोट, जिभेवर फिरवून गिळा आणि तोंड मिटूनच नाकातून श्वास सोडा. खरा वास तेव्हा कळतो, मागच्या बाजूनं. मधे राय ब्रेडचा तुकडा आणि पाणी. आणि कृपा करून त्या दिवशी अत्तर परफ्यूम लावून येऊ नका, एकदा एका ग्रुपला अख्ख्या दुपारभर मोगरा-बिअर प्यावी लागली.

खाण्याचं म्हणाल तर इथला खास पदार्थ म्हणजे भरलेला कांदा, आत खिमा आणि वर बिअरचा रस्सा, बांबेर्ग कांद्यासाठी जुनं प्रसिद्ध. शाकाहारींचं काय? त्यांच्यासाठी आमची युक्ती भरताची. बव्हेरियात बिअर गार्डनमध्ये घरचा डबा नेऊन खायची जुनी रीत आहे, नुसती बिअर तिथून घ्यायची. बांबेर्गमध्ये त्याला "तळघरावर जाणं" म्हणतात, कारण टेकडीच्या पोटात बिअरची तळघरं आणि त्यांच्या डोक्यावर झाडाखाली बाकं. तर आधी विचारून तिथं वांग्याचं भरीत नेतो, गॅसवर नाही, कोळशावर भाजलेलं, आणि भाकरी. धुराला धूर लागला की बिअरमधला धूर मागं जातो आणि गोडवा पुढं. मला विचाराल तर कांद्यापेक्षा भारी लागतं, पण हे गावात मोठ्यानं बोलत नाही.

मग २०२०. मार्चमध्ये सगळं बंद, मधे थोडं उघडलं आणि नोव्हेंबरमध्ये परत बंद. त्या वर्षी बाटल्यांचे डबे भरून जर्मनीभर पाठवले आणि झूमवर चाखायला शिकवलं. पहिल्या खेपेत पुठ्ठा पातळ निघाला, फुटक्या बाटल्यांचं पार्सल ज्यांच्या जिन्यात पोचलं त्यांचा अख्खा जिना आठवडाभर धुरकट होता म्हणे. पण खरं सांगायचं तर धंदा तेव्हाच वाढला. म्युनिक, बर्लिन, स्टुटगार्टची आपली माणसं तेव्हा जोडली गेली आणि बंदी उठल्यावर तीच प्रत्यक्ष यायला लागली.

मधे एकदा पोलंडची ग्रोदझिस्के चाखायला आणली, ओकच्या लाकडावर धुरवलेल्या गव्हाची, अगदी हलकी, फसफसणारी. तिची ब्रुअरी १९९३ ला बंद पडली होती, २०१५ ला परत सुरू झाली. उन्हाळ्यात छान, पण लोकांना बांबेर्गला येऊन पोलंडची बिअर नको असते, हे मान्य करून थांबवलं. श्लेंकेर्लाचीच ओकवाली असते, ८ टक्के, ख्रिसमसच्या सुमाराला निघते, धूर उलट मऊ. ती डिसेंबरच्या टूरला ठेवतो, छोट्या ग्लासात.

आज महिन्याला सहा-सात टूर, एका वेळी आठच माणसं, मराठी, हिंदी, इंग्लिश आणि माझ्या जर्मनमध्ये. सेल्स टॅक्सची कटकट आता आहे, नवरा तक्रार करतो पण खूश आहे.

टूरच्या शेवटी वही फिरवतो, ज्यानं त्यानं आपल्या भाषेत लिहायचं वास कशाचा आला. होळीच्या दुसऱ्या दिवशीचा शर्ट. हुरड्याची आगटी. गोव्याच्या एकीनं लिहिलं चुलीवर टांगलेले चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज (तिसऱ्या ग्लासानंतर लिहिलं, चालतं). एसटी स्टँडवरचा बंबातला चहा. आजोबांची घोंगडी, हे तर तिघांनी वेगवेगळ्या वर्षी लिहिलंय. मागच्या शरदात आमच्या टेबलाच्या कोपऱ्यावर एक गावातले आजोबा येऊन बसले, इथं अनोळखी माणसाच्या टेबलावर बसायची पद्धतच आहे, त्यांच्याकडं पण वही गेली. त्यांनी चष्मा लावला, मागची दोन पानं चाळली, आमच्या देवनागरीकडं बराच वेळ बघितलं, ग्लास उचलून एक घोट घेतला, आणि खाली एकच शब्द लिहिला. बिअर.