बूस्ट मॉड्यूलवरचे ‘२ अँपिअर’ नेमके कुठले?

बॅटरीचं कमी व्होल्टेज वाढवून ५ व्होल्ट देणारा छोटा बोर्ड म्हणजे बूस्ट मॉड्यूल. त्याच्या वर्णनात सरळ ‘आउटपुट २ अँपिअर’ लिहून मोकळे होणाऱ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. भाच्यासाठी हातात धरून खेळायचा गेम कन्सोल घरी बनवला. आत रास्पबेरी पाय ३ ए प्लस हा छोटा संगणक-बोर्ड (पुढे नुसता ‘पाय’), पाच इंची एचडीएमआय स्क्रीन आणि दोन छोटे स्पीकर. डबा थ्रीडी प्रिंट करून घेतला, बटणं जोडली, रेट्रोपाय हे जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. गाडी अडली ती पॉवरपाशी.

बॅटरी पूर्ण भरलेली असली की सगळं झकास चालायचं. ती थोडी उतरली की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेची खूण यायची, आवाज फाटायचा, गेम रेंगाळायला लागायचा. पायला मिळणारं व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की ही खूण दिसते आणि प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. मल्टीमीटर मात्र मॉड्यूलच्या टोकाशी पाचच्या वर दाखवत होता. साधा मल्टीमीटर सरासरी दाखवतो, क्षणभराची घसरण त्याला दिसत नाही. विक्रेत्याला कळवलं तर दर वेळी तेच उत्तर, “सर, मॉड्यूल दोन अँपिअरचं आहे, तुमचा सेल खराब असेल.” सेल नवे होते, चांगल्या कंपनीचे होते, आणि ते वेगळे तपासूनही झाले होते. तरी ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

शेवटी मॉड्यूलवरच्या चिपची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, काढून वाचली. मोठ्या अक्षरांत मिरवलेला आकडा आतल्या स्विचमधून जाणाऱ्या करंटचा होता. बाहेर किती मिळेल ते बॅटरीच्या व्होल्टेजवर ठरतं, आणि ते वर्णनात कुठेही नव्हतं.

हिशोब सोपा आहे, तो सगळ्यांनी खरेदीआधी करावा. माझ्या कन्सोलला एरवी सव्वा अँपिअर पुरतो, पण आवाज मोठा आणि गेम जड असला की पावणेदोनपर्यंत जातो. थोडी जागा सोडून दोन धरा. ५ व्होल्टला २ अँपिअर म्हणजे १० वॉट. मॉड्यूल ८५ टक्के कार्यक्षम धरलं तर बॅटरीतून पावणेबारा वॉट खेचले जाणार. सेल ४.२ व्होल्टवर असताना ते २.८ अँपिअर होतात, ३.४ वर आला की जवळजवळ साडेतीन. म्हणजे सेल जितका उतरतो तितका जास्त करंट त्याच्याकडून मागितला जातो. स्विचची मर्यादा तिथे संपते, आउटपुट कोसळतं आणि ती पिवळी खूण येते. त्यामुळे मॉड्यूल निवडताना भरलेल्या बॅटरीवरचा आकडा कुणी सांगितला तर तो बाजूला ठेवा. उतरलेल्या बॅटरीवर काय मिळतं तेच विचारा.

याच्यात भर म्हणून सेल चार्ज करणारा, टीपी ४०५६ चिपचा बोर्ड. त्यावरचं सेलचं संरक्षण साधारण ३ अँपिअरला तुटतं. सेल उतरलेला असताना कन्सोल मध्येच मेल्यासारखा बंद पडायचा आणि चार्जर लावल्याशिवाय चालूच व्हायचा नाही, ते यामुळे. शिवाय या चिपला चार्जिंग आणि वापर वेगळे ओळखता येत नाहीत. ती जास्तीत जास्त १ अँपिअर देते. आपण खेळत राहिलो तर चार्जर लावूनही बॅटरी उतरतच जाते. चार्ज होताना खेळायचं असेल तर पॉवर पाथ असलेला, म्हणजे चार्जरची वीज कन्सोलला आणि सेलला वेगवेगळी पुरवणारा बोर्ड घ्या. काही पॉवर बँकवाले बोर्ड चार्जर लावताच क्षणभर आउटपुट तोडतात आणि पाय रीस्टार्ट होतो, तेही आधी तपासा.

मी अखेर टीपीएस ६१०८८ चिपचं बूस्ट मॉड्यूल लावलं. तिच्या डेटाशीटमध्ये स्विचची मर्यादा १० अँपिअर आहे. सेलचं संरक्षणही जास्त करंटचं घेतलं. पहिल्यांदा बॅटरी पार उतरेपर्यंत खेळून पाहिलं आणि पिवळी खूण आली नाही, तेव्हा मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं. अभिमान वाटलाच.

वायरचं सांगायचं राहिलं. बारीक २८ गेजची वायर १५ सेंटीमीटर जाऊन परत येते तेवढ्यात २ अँपिअरला ०.१३ व्होल्ट खाऊन टाकते. पॉवरला जाड, २० गेजची वायर वापरा (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड), आणि व्होल्टेज मॉड्यूलपाशी न मोजता पायच्या दोन आणि सहा नंबरच्या पिनांवर मोजा. त्याच पिनांवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर क्षणिक घसरण सावरते.

सेल घेताना ९९०० मिलिअँपिअर-अवर छापलेले १८६५० (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब लिथियम सेल) अजिबात घेऊ नका. चांगला सेल साधारण साडेतीन हजार मिलिअँपिअर-अवरचा असतो आणि वजनाला ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. मी २६०० चे दोन समांतर जोडले, अडीच तास खेळता येतं. जोडण्याआधी दोघांचं व्होल्टेज सारखं करून घ्या, नाहीतर एकातून दुसऱ्यात धो धो करंट जातो. सेलवर थेट सोल्डर करू नका, उष्णतेने तो आतून बिघडतो. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी केली तर निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने मारून देणारे सापडतात.

बॅटरी संपत आल्याची खूण देणारी पिन बोर्डावर असेल तर ती पायला जोडून तो आपोआप नीट बंद होईल अशी सोय करा. अचानक वीज गेली तर एसडी कार्डावरच्या फाइल्स बिघडतात आणि सेव्ह केलेले गेम जातात. फक्त पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. सेलचं किंवा ५ व्होल्टचं व्होल्टेज तिथे थेट देऊ नका, मध्ये दोन रेझिस्टर टाकून ते खाली आणा.