करारावर सही

मंगळवार, रात्रीचे साडेदहा.

आज सही झाली. मागच्या मे महिन्यात आयटीआयने ज्या हॉटेलात महिनाभर कामाच्या अनुभवाला धाडलं होतं, तिथंच आता वर्षभर अप्रेंटिस.

त्या महिन्यात शिकले काय, तर कांदे. पहिले आठ दिवस नुसते कांदे सोलले. मग चिरायला मिळाले. वर्गात सरांनी ब्रुनवाज, म्हणजे अगदी बारीक चौकोनी तुकडे, फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. इथं कॉमीदादाने (कॉमी म्हणजे शेफच्या हाताखालचा ज्युनियर कुक) माझे तुकडे पाहिले आणि एक शब्द न बोलता स्टॉकच्या, म्हणजे उकळून गाळायच्या रश्श्याच्या, पातेल्यात ढकलले. चिरायचा हिरवा बोर्ड भाजीचा, लाल कच्च्या मटणाचा, हे मला तोंडपाठ होतं. तरी ऐन गर्दीच्या वेळी लाल बोर्डावर कोथिंबीर चिरली. अख्खी जुडी कचऱ्यात, आणि बोलणी खाल्ली ती वेगळीच.

मला वाटलं होतं, सुरीवर हात बसला म्हणून परत बोलावलं. शेफ म्हणाले, ‘वॉक-इनमधल्या डब्यांवर तारखा लिहायचीस, न सांगता. लक्षात होतं.’ मी नुसतं ‘हो शेफ’ म्हटलं. खरं कारण कसं सांगणार? वॉक-इन म्हणजे आत चालत जाता येईल एवढा मोठा फ्रीज. मे महिन्यात, तंदूरच्या शेजारी उभं राहून राहून जीव नकोसा व्हायचा, आणि अख्ख्या किचनमध्ये गार जागा तेवढी एकच होती.

तसंही ३० किंवा जास्त माणसं कामाला असली की कायद्याने किमान अडीच टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. कुणाला तरी घेणारच होते. बघितलेलं तोंड बरं, एवढंच.

तेव्हा महिनाभर फक्त स्टाफचं जेवण मिळालं. आता स्टायपेंड आहे. आयटीआय झालेल्याला २०१९च्या नियमाने किमान ७००० ठरले, तेवढेच. त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त १५००, केंद्राच्या योजनेतून थेट खात्यात येतो. कॉट बेसिसचं भाडं गेल्यावर घरी पाठवायला फारसं उरणार नाही. जेवण हॉटेलात होईल म्हणून निभेल.

भोरला फोन केला. आबांना हॉटेल म्हटलं की अजून एसटी स्टँडसमोरचं मिसळीचं दुकानच दिसतं. ‘कपबशा धुवाव्या लागतात का गं?’

‘त्याला मशीन आहे, आबा.’

‘मग तुला कशाला ठेवलंय?’

मागून आई हसल्याचं ऐकू आलं.

उद्या सहाची शिफ्ट. बूट अजून ओले आहेत, पंख्याखाली ठेवलेत.