विमानातला धूर

सांबऱ्याहून मुंबईला किंवा बेंगळुरूला विमानाने जायचे ठरले की आमच्या बेळगावकडच्या घरांत विमान कोसळण्याची भीती बोलली जाते, क्वचित आगीचीही, पण धुराचा विषय कोणी काढत नाही. वास्तविक 22 ऑगस्ट 1985 रोजी मँचेस्टरला उड्डाणासाठी धावत असतानाच बोइंग 737 ने पेट घेतला, तेव्हा दगावलेल्या 55 जणांपैकी 48 जणांचा जीव धुराने घेतला होता. ते विमान जमिनीवरून उठलेसुद्धा नव्हते.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत बरीच वर्षे काढल्यामुळे या धुरातला एक वायू माझ्या परिचयाचा आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. कुपोलाच्या, म्हणजे लोखंड वितळवण्याच्या उभ्या भट्टीच्या, वरच्या दाराशी कोक टाकणारा माणूस साध्या प्रश्नाला अडखळू लागला, की आमचे जुने मिस्त्री त्याला दंडाला धरून सरळ खाली उतरवत. ‘डोकं जड झालंय का?’ असे विचारण्यात ते वेळ घालवत नसत, कारण ज्याला वायू लागला आहे त्याला ते कळतच नाही, असे त्यांचे ठाम मत होते.

विमानात याच्या जोडीला हायड्रोजन सायनाइड असतो आणि तो मला अधिक भयंकर वाटतो. आसनांचा पॉलियुरेथेन फोम, लोकर, नायलॉन अशा नायट्रोजनयुक्त वस्तू जळताना तो तयार होतो. रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येऊ नये, अशी अडवणूक हा वायू करतो. शिवाय सुरुवातीला तो श्वासाचा वेग वाढवत असल्याने माणूस अधिकच विष आत ओढतो. पीव्हीसी जळून निघणारा हायड्रोजन क्लोराइड डोळे आणि घसा जाळतो, त्यामुळे दार कुठे आहे हे दिसत नाही, आणि शोधण्यात जी मिनिटे जातात तेवढ्यात पहिले दोन वायू शुद्ध हरपवतात.

छतातून खाली येणारे पिवळे मास्क अशा वेळी उपयोगाचे नाहीत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हवेचा दाब घटल्यास वापरायचे ते साधन आहे आणि त्यात केबिनमधलीच हवा मिसळली जाते. ओला रुमाल काजळी थोडीफार अडवील, कार्बन मोनॉक्साइड अजिबात नाही. गरम धूर छताला साठत खाली उतरतो म्हणून पायाजवळच्या दिव्यांच्या रेषेने वाकून जावे, आणि बसल्याबसल्याच दारापर्यंतच्या रांगा मोजून ठेवाव्यात, म्हणजे दिसेनासे झाल्यावर आसनांच्या पाठी चाचपत पोहोचता येते. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानातून सर्व 379 जण जिवंत उतरले.

मँचेस्टरच्या दुर्घटनेनंतर प्रवाशांना धुरापासून वाचवणाऱ्या, डोके आणि चेहरा झाकणाऱ्या टोप्या द्याव्यात का, याची बरीच चर्चा झाली. पण त्या घालण्यात लोक थांबून राहतील आणि बाहेर पडायला उशीर होईल, हा आक्षेप भारी पडला. फाउंड्रीत नव्या कामगाराला साध्या मास्कचे पट्टे नीट बसवायला किती वेळ लागतो ते मी पाहिले आहे, त्यामुळे तो आक्षेप मला पटतो.