तालुक्यात नंबर आला, आता जिल्ह्याला न्यायचे पैसे कुठून आणायचे?

तालुका विज्ञान प्रदर्शनाचा निकाल लागतो तेव्हा जिल्ह्याचं प्रदर्शन अनेकदा दोन-तीन आठवड्यांवर आलेलं असतं. मुलांचं अभिनंदन होतं, फोटो ग्रुपवर पडतात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांसमोर प्रश्न उभा राहतो: गाडीभाडं कोण देणार? बहुतेक वेळा वर्गशिक्षक स्वतःच्या खिशातून देतात आणि विषय मिटतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. क्रीडा स्पर्धांचंही असंच असतं. तिथे तर तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या असल्याने चांगल्या संघाचा खर्च प्रत्येक विजयाबरोबर वाढत जातो.

यात रक्कम फार मोठी नसते. अडतं ते दोन गोष्टींवर: पैसे कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे कोणत्या कामासाठी ठरवलेल्या तरतुदीतून, टाकायचे, आणि मंजुरी वेळेत येते का. म्हणून आधी हिशेब कागदावर मांडून पाहू.

समजा चार विद्यार्थी आणि दोन शिक्षक दोन दिवसांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाणार आहेत. चौघांत दोन मुली, आणि दोघा शिक्षकांत एक बाई. एसटीचं एका बाजूचं पूर्ण तिकीट ३०० रुपये धरा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत ५० टक्के सवलत आहे, म्हणजे तिघींचे १५० प्रमाणे जाऊन-येऊन ९०० आणि उरलेल्या तिघांचे १,८००. प्रवास झाला २,७०० रुपये. मुलांनी केलेलं मॉडेल एसटी स्टँडवरून प्रदर्शनाच्या ठिकाणी न्यायला आणि परत आणायला रिक्षा किंवा छोटा टेम्पो, ४०० प्रमाणे ८००. जेवण, चहा, नाश्ता माणशी रोज २५० धरला तर दोन दिवसांचे ३,०००. तक्ते, रंग, वायर, मॉडेलची डागडुजी १,५००. औषधं आणि किरकोळ ३००. बेरीज ८,३००. त्यावर दहा टक्के राखीव ८३०. एकूण ९,१३० रुपये. मुक्काम आयोजक शाळेत असेल तर खर्च इथेच थांबतो.

एकूण अंदाज यावा म्हणून वर शिक्षकही धरले आहेत, पण त्यांचा प्रवास आणि भत्ता मुलांच्या पैशातून द्यावा का? माझं मत स्पष्ट आहे: देऊ नये. तालुक्याचे शिक्षण अधिकारी म्हणजे गटशिक्षणाधिकारी, त्यांचा लेखी आदेश असेल तर तो प्रवास कर्तव्यावरचा असतो आणि त्याचं प्रवासभत्ता बिल वेगळं करता येतं. बिल उशिरा निघतं हे खरं, पण मुलांच्या तुटपुंज्या रकमेतून शिक्षकांचं तिकीट काढलं की मुलांचं जेवण कापलं जातं. तोंडी ‘जाऊन या’ यावर मात्र निघू नये. आदेश नसेल तर बिलही नाही, आणि वाटेत काही घडलं तर जबाबदारी एकट्या शिक्षकावर येते.

आता पैसे कुठे आहेत ते पाहू. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतं ते समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान. ते पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर १०,०००, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. उरलेल्यात वीजबिल, स्टेशनरी, नळदुरुस्ती, वर्षभराचं सगळंच. २८ पटाच्या शाळेने १०,००० मधून ९,१३० रुपये एका प्रदर्शनावर कसे टाकायचे? नाहीच टाकता येत. दुसरं क्रीडा अनुदान: प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० पर्यंत. पण ते क्रीडा साहित्यासाठी आहे. त्यातून संघाच्या प्रवासाचं व्हाउचर टाकलं की लेखापरीक्षणात आक्षेप येणार. चेंडू, जाळी, दोऱ्या या अनुदानातून घ्याव्यात आणि त्यामुळे लोकवर्गणीतले जे पैसे मोकळे होतात ते प्रवासाला वापरावेत. हा सरळ आणि नियमातला मार्ग आहे.

इन्स्पायर अवॉर्ड मानक ही मात्र थेट मुलाच्या हाती पैसे देणारी योजना आहे. केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान मिळून ती चालवतात. शाळेने मुलांच्या कल्पना पोर्टलवर भरायच्या. निवड झाली की १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. त्यातून मॉडेल करायचं आणि जिल्हास्तरीय प्रदर्शनात मांडायचं. देशभरातून साधारण एक लाख कल्पना या टप्प्याला निवडायच्या, त्यातून दहा हजार राज्याला, एक हजार राष्ट्रीय पातळीवर आणि शेवटी साठ, अशी त्याची चाळणी आहे.

इथे पैसे अडकतात ते बहुतेक वेळा नावावरून. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक नाव, आधारवर दुसरं, पासबुकावर वडिलांचं नाव आधी आणि आडनाव गायब. पोर्टलवर जे नाव भरलं ते पासबुकावरच्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं. दुसरं कारण म्हणजे खातं झोपलेलं असतं: शिष्यवृत्तीसाठी तिसरीत उघडलं, नंतर व्यवहारच नाही, केवायसी संपलेलं. तिसरं, बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी बदलला आणि शाळेच्या फायलीत जुनाच राहिला. उपाय जूनमध्ये करायचा: संभाव्य मुलांची पासबुकं मागवून घ्या, प्रत्येक खात्यात शंभर रुपये भरून एकदा व्यवहार करा, नवी नोंद छापून आणायला सांगा आणि त्या पानाचा फोटो फायलीला लावा. निवड जाहीर झाल्यावर हे करायला गेलं तर मॉडेलला लागणारी मोटर उधारीवर आणावी लागते.

आणि एक. कल्पना भरताना नेटवरून उचललेलं ‘स्मार्ट डस्टबिन’ टाकू नका. परीक्षकांनी ते शेकड्यांनी पाहिलेलं असतं. कांदा चाळीत सडतो, हापशाचं पाणी वाया जातं, आजीला डोक्यावरचा भारा एकटीने उतरवता येत नाही, असलं गावातलं एखादं अडलेलं काम घ्या. निवड झाली तर दहा हजार येतात आणि शाळेची निम्मी चिंता तिथेच मिटते.

आता मुख्य मुद्दा. मुलांना स्पर्धेला पाठवण्याचा खर्च जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे सेस फंडातून, करावा आणि त्यासाठी शिक्षण विभागाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष असावं. इच्छा असली की जिल्हा परिषद हे करू शकते, हे दिसलेलं आहे. पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीने परीक्षा आणि मुलाखती घेऊन सहावी-सातवीची ७५ मुलं निवडली. ५० इस्रो पाहायला आणि २५ नासाला असं नियोजन केलं. रत्नागिरीनेही त्याआधी आपल्या शाळांतली मुलं नासाला पाठवली आहेत. फार चांगलं काम आहे, आणि त्या मुलांच्या घरात त्याने काय बदललं असेल याची कल्पना करता येते. त्याच धोरणाची खालची पायरी म्हणजे तालुक्यात जिंकलेल्या प्रत्येक मुलाला जिल्ह्यापर्यंत खर्चाशिवाय पोहोचवणं. त्यासाठी परीक्षा घ्यावी लागत नाही, निवड झालेलीच असते. लागते ती फक्त आगाऊ मंजुरी.

आगाऊ हा शब्द महत्त्वाचा. निकालानंतर शाळेने प्रस्ताव द्यायचा, तो केंद्रप्रमुखांकडून (आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) पंचायत समितीत, तिथून जिल्ह्याला शिक्षण विभागात, मग वित्त विभागात जायचा, ही वाट तीन आठवड्यांत पुरी होत नाही. त्याऐवजी वर्षाच्या सुरुवातीलाच एक आदेश हवा: तालुकास्तरावर निवड झालेल्या प्रति विद्यार्थी इतके रुपये, सोबतच्या शिक्षकासाठी वेगळं, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीने निकालानंतर आठवड्याच्या आत अग्रिम म्हणजे आगाऊ रक्कम, आणि परतल्यावर पंधरा दिवसांत तिचा हिशेब म्हणजे समायोजन. इतकंच.

हे मागायची वेळ कोणती? जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक २७ मार्चपर्यंत मंजूर व्हावं लागतं. विभागांची मागणी त्याच्या बरीच आधी, हिवाळ्यातच गोळा होते. म्हणजे मार्चमध्ये निवेदन घेऊन गेलेला माणूस उशिरा पोहोचलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत शिक्षणाधिकाऱ्यांना आणि आपल्या गटाच्या सदस्यांना भेटावं. जिथे निवडून आलेले सदस्य नसून प्रशासक आहेत तिथे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे द्यावं. निवेदनात भावनिक मजकूर कमी आणि आकडे जास्त हवेत: गेल्या वर्षी तालुक्यातून किती मुलं जिल्ह्याला निवडली गेली, त्यातली किती गेली, किती गेली नाहीत, प्रति विद्यार्थी खर्च किती आला. ही यादी केंद्रप्रमुखांकडे अर्ध्या तासात तयार होते आणि तिच्यावरून तालुक्याची एकूण मागणी काढता येते.

शाळेच्या पातळीवर हाच खर्च शाळा विकास आराखड्यात आला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या २२ व्या कलमानुसार शाळा व्यवस्थापन समितीने हा आराखडा करायचा असतो. बऱ्याच ठिकाणी गेल्या वर्षीचाच आराखडा तारीख बदलून जोडला जातो आणि ‘स्पर्धा व सहशालेय उपक्रम’ हा रकाना रिकामा राहतो. रिकाम्या रकान्यावर कुणी पैसे देत नाही. मासिक बैठकीत ठरावही नेमका लिहावा: ‘सन अमुक मध्ये इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना तालुका, जिल्हा व राज्यस्तरीय विज्ञान प्रदर्शन व क्रीडा स्पर्धांसाठी प्रवास, भोजन व साहित्य यांकरिता रु. १५,००० पर्यंत खर्चास लोकसहभाग निधीतून मान्यता देण्यात येत आहे. खर्चाचा तपशील पुढील बैठकीत ठेवण्यात यावा.’ सूचक, अनुमोदक, उपस्थितांच्या सह्या. ‘स्पर्धेच्या खर्चास मान्यता’ एवढाच मोघम ठराव असेल तर तपासणीत तो टिकत नाही, कारण किती, कशासाठी आणि कुठून यांपैकी काहीच त्यात नसतं.

ग्रामपंचायतीकडे जाताना नुसती ‘मदत’ मागू नका, शीर्ष सांगून मागा. स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी, पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. मुलींच्या कबड्डी संघाचा गणवेश आणि बूट हे पहिल्या शीर्षात मांडून पाहता येतं. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारून शिल्लक किती आहे ते आधी समजून घ्या आणि २ ऑक्टोबर किंवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय पत्रिकेवर येईल असं पत्र पंधरा दिवस आधी द्या. आयत्या वेळच्या विषयात टाळ्या मिळतात, तरतूद होत नाही.

अनुदानित माध्यमिक शाळांना सत्र शुल्काची सोय आहे. ते सहशालेय उपक्रमांसाठीच घेतलं जातं, तरी बरंचसं स्नेहसंमेलनाच्या मंडपात जातं. जूनमध्येच त्याचा एक भाग स्पर्धांसाठी बाजूला काढून ठेवावा. कंपन्यांच्या सीएसआरबद्दल, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या त्यांच्या निधीबद्दल, थोडक्यात: शिक्षण आणि ग्रामीण खेळ दोन्ही त्यात बसतात, पण कंपन्या वर्षाचा आराखडा आधी ठरवतात आणि शाळेच्या खात्यात रोख देण्यापेक्षा वस्तू द्यायला त्यांना सोपं जातं. तेव्हा बूट, किट, टेलिस्कोप मागा. गाडीभाडं मागू नका. विद्यांजली या शाळांना मदत मिळवून देणाऱ्या सरकारी पोर्टलवर शाळेची मागणी नोंदवून ठेवली तर देणाऱ्याला कागद दाखवता येतो.

खर्च कमी करण्याची एक जागा हमखास दुर्लक्षित राहते. तालुक्यातून निवडलेल्या सगळ्या शाळा एकाच दिवशी एकाच ठिकाणी जाणार असतात आणि प्रत्येक शाळा वेगळी गाडी करते. केंद्रप्रमुखांनी चार शाळांची मिळून एक गाडी ठरवली तर मॉडेलही सुरक्षित जातात. गाडी करताना परवाना प्रवासी वाहतुकीचा आहे ना, विमा चालू आहे ना हे पाहूनच करा. ओळखीतल्या पांढऱ्या नंबरप्लेटच्या जीपमध्ये दहा मुलं कोंबून नेणं स्वस्त पडतं, पण ते करू नये, कधीच. मुलींबरोबर शिक्षिका हवीच. शाळेत शिक्षिका नसेल तर समितीतल्या एखाद्या आईला सोबत न्या आणि तिचा खर्च अंदाजात आधीच धरा.

पालकांकडून पैसे घ्यायचे का? सरकारी शाळेत आठवीपर्यंत सक्तीने काहीही घेता येत नाही. ऐच्छिक वर्गणी घेतली तर पावती द्या. आणि ‘ज्याने पैसे दिले तो जाईल’ असं एकदाही होऊ देऊ नका. मुलं हे फार बारकाईने पाहतात, आणि पुढच्या वर्षी गरीब घरातलं मूल स्पर्धेत नावच देत नाही.

परतल्यावर हिशेब त्याच आठवड्यात लावा. एसटीची तिकिटं उन्हात फिकी पडतात, म्हणून कोऱ्या कागदावर चिकटवून लगेच झेरॉक्स काढा. हॉटेलचं बिल शाळेच्या नावाने घ्या, त्यावर तारीख आणि माणसांची संख्या असू द्या. टेम्पोवाल्याकडे छापील पावती नसेल तर हातपावतीवर गाडीचा नंबर आणि त्याची सही घ्या. सहभागाच्या प्रमाणपत्रांच्या प्रती, मुलांची यादी, पालकांची संमतीपत्रं आणि शिक्षकांचा आदेश हे सगळं एकाच फायलीत ठेवा. उरलेली रक्कम खात्यात परत भरून त्याची स्लिपही तिथेच लावा. खर्च रोकडवहीत चढवा आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. डिसेंबरमध्ये शिक्षणाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाला प्रति विद्यार्थी खर्चाचा जो आकडा लागतो, तो याच फायलीतून काढायचा आहे.