तुम्ही विचारलंत म्हणून: मी रांगेत का येत नाही

"नवऱ्यासोबत कॅथलिक चर्चात मिस्साला, म्हणजे उपासनेला येता, गाणी म्हणता, मग कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला रांगेत न येता बाकावरच का बसता?" लग्नापासून ऐकून राहिले आहे. रुसून बसत नाही हो. कॅथलिक चर्चचा नियमच आहे, आम्हा सीएनआयवाल्यांना, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीच्या लोकांना, एरवी ती भाकर देत नाहीत. मरणाच्या दारात वगैरे अपवाद असतात, पण तेवढी घाई मला नाही.

आमच्याकडे मात्र दुसऱ्या मंडळीच्या सभासदालाही प्रभुभोजनाला, म्हणजे आमच्या कम्युनियनला, 'या' म्हणतात. वेदीपुढे गुडघे टेकणारे अँग्लिकन, बाकांवरच ताट फिरवणारे प्रेस्बिटेरियन, असे सहा पंथ १९७० मध्ये याच नागपुरात एक होऊन आमची सीएनआय झाली ना? हे मी तावातावानं ऐकवायची. नवरा शांतपणे म्हणायचा, "आमच्यात ती भाकर ख्रिस्ताचं शरीरच बनते. त्यावर 'आमेन', म्हणजे 'हो, खरंच', म्हणशील?" मी गप्प.

सासूबाई अंथरुणाला खिळल्यावर फादर घरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे तीच कम्युनियनची भाकर, आणायचे. पांढरं कापड, मेणबत्ती, पाण्याचा पेला, तयारी माझी. पेज, औषध माझ्या हातून. एवढं एक फादरांच्या. एकदा त्यांना गिळवेना. ओला तुकडा ओठांतून घसरला, सवयीनं मी हात पुढे केला आणि तो तळहातावर आला. कोणी बोलेना. सासूबाईच पुटपुटल्या, "फेकू नको वं बाई, तूच खाऊन घे."

फादरांनी पेला पुढे केला. अशा वेळी तुकडा पाण्यात विरघळू देतात, मग ते पाणी मातीत ओततात. मी तो पेल्यात सोडला. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे त्यावर आम्ही कधीच बोललो नाही.

तेव्हाची मी म्हणते, बरोबर केलंस. जे मानत नाहीस ते म्हातारीचं मन राखायला खाणं, हा तिच्या श्रद्धेचाच अपमान. मी तिला विचारते, मानत नव्हतीस तर हात का कापत होता? पदराला का नाही पुसलास? ती म्हणते, माणुसकी म्हणून. मला ते पटत नाही. तिला माझं पटत नाही.

प्रोटेस्टंट पंथांचे सुरुवातीचे पुढारी ल्यूथर आणि झ्विंग्ली १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला बोलणी करायला बसले, पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर जुळलं आणि अडलं ते भाकरीत ख्रिस्त खरोखर असतो का, यावरच. मी भांडी घासता घासता काय निकाल लावणार?

कोणी सुचवतं, हात छातीवर आडवे धरून नुसता आशीर्वाद घ्यायला या. नको. आशीर्वाद आमच्याकडेही मिळतो.