अपोमॅटॉक्स: जळालेलं कोर्ट आणि त्याच्यामागं गेलेलं गाव

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या अपोमॅटॉक्सला येणारे बहुतेक लोक एकच घर बघायला येतात. अमेरिकेच्या यादवी युद्धात ९ एप्रिल १८६५ रोजी ज्या दिवाणखान्यात दक्षिणेचे जनरल रॉबर्ट ली यांनी उत्तरेचे जनरल युलिसीस ग्रँट यांच्यापुढं शरणागती पत्करली, ते मॅक्लीन यांचं घर. मीही ते पाहिलं. पण माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो गावाच्या मधोमध उभ्या असलेल्या विटांच्या दुमजली कोर्टापाशी. हे गाव मोठं झालं कोर्टामुळं आणि ओस पडलं तेही कोर्ट गेल्यामुळं.

रिचमंडहून पश्चिमेला निघालं की फार्मव्हिल मागं पडेपर्यंत रस्त्याला रहदारी अशी उरतच नाही. दोन्ही बाजूंना पाइन, मधेच लाल मातीची शेतं, आणि एप्रिल असल्यामुळं रेडबडची जांभळट-गुलाबी फुलं. गाडी बाहेरच ठेवायची आणि थोडा चढ चालून जुन्या गावात शिरायचं. लाकडाच्या फाळ्या आडव्यातिडव्या रचून केलेली कुंपणं, मातीचा रस्ता, मोजकीच घरं. रस्ता थेट कोर्टावर येतो आणि दोन्ही बाजूंनी त्याला वळसा घालून पुढं जातो. आधी कोर्ट, मग बाकी सगळं, हे त्या आखणीतच दिसतं.

मुळात इथं होतं क्लोव्हर हिल नावाचं ठिकाण. रिचमंड ते लिंचबर्ग या घोडागाडीच्या मार्गावर १८१९ मध्ये बांधलेली एक खाणावळ, आणि तिच्या आसऱ्यानं जमलेली थोडी वस्ती. ती खाणावळ आजही उभी आहे. १८४५ मध्ये बकिंगहॅम, प्रिन्स एडवर्ड, शार्लट आणि कॅम्पबेल या चार काउंट्यांचे (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग) तुकडे काढून अपोमॅटॉक्स काउंटी झाली, क्लोव्हर हिल तिचं मुख्य ठिकाण ठरलं आणि १८४६ मध्ये कोर्टाची इमारत उभी राहिली. व्हर्जिनियातल्या तेव्हाच्या रिवाजाप्रमाणं गावाचं नावही अपोमॅटॉक्स कोर्ट हाऊस झालं. कोर्टासमोर तुरुंग, वकिलांच्या कचेऱ्या, दुकानं. महिन्यातून एकदा कोर्टाचा दिवस भरायचा, आणि मग आपल्याकडं तारखेला तालुक्याला आलेला माणूस जसा खतापासून सोयरिकीपर्यंतची सगळी कामं उरकून घरी परततो, तसा इथला शेतकरी घोड्यांचे सौदे, उधारी आणि राजकारण एकाच फेरीत आटपायचा.

एक गोष्ट इथं विसरता कामा नये. १८६० मध्ये या काउंटीतली निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती. इतर मालमत्तेच्या बरोबरीनं माणसांचीही खरेदी-विक्री आणि वाटणी होत होती, आणि तिची कागदपत्रं याच कोर्टात जमा होत होती.

गावाला पहिला धक्का कोर्टामुळं नव्हे, रेल्वेमुळं बसला. १८५४ मध्ये साउथ साइड रेल्वे पूर्ण झाली, पण स्टेशन पडलं गावापासून सुमारे तीन मैलांवर. घोडागाडीचा रस्ता मंदावला, व्यापार स्टेशनकडं सरकू लागला. तरी कोर्ट इथं होतं म्हणून गाव तग धरून राहिलं.

मग आला तो १८६५ चा एप्रिल. शरणागतीची बोलणी कोर्टात झाली असं अनेकांना वाटतं. ती तिथं झाली नाहीत. तो रविवार होता, ईस्टरच्या आधीचा पाम संडे, आणि कोर्ट बंद होतं. ली यांचे सहायक चार्ल्स मार्शल जागा शोधत गावात आले, त्यांना विल्मर मॅक्लीन भेटले. मॅक्लीन यांनी आधी एक रिकामी, सामानसुमान नसलेली इमारत दाखवली. ती पसंत पडली नाही तेव्हा स्वतःचं घर देऊ केलं. हेच मॅक्लीन १८६१ मध्ये मॅनॅसस इथं राहत होते, आणि युद्धातली पहिली मोठी लढाई त्यांच्या शेतातच पेटली होती.

शरणागतीनंतरही कोर्टाचं काम पूर्वीसारखं चालू राहिलं. १८९२ मध्ये मात्र इमारतीला आग लागली आणि काउंटीची बहुतेक दप्तरं जळून गेली. नवं कोर्ट जुन्या जागी बांधायचं की स्टेशनाशी, हा प्रश्न आला. कौल स्टेशनाच्या बाजूनं पडला. कोर्टापाठोपाठ वकील गेले, दुकानदार गेले, आणि जुनं गाव रिकामं होत गेलं. पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, मॅक्लीन यांचं घरही उतरवलं गेलं. वॉशिंग्टनला नेऊन त्याचं संग्रहालय करायचा बेत होता. तो तडीस गेलाच नाही, आणि विटांचे ढीग वर्षानुवर्षं तिथंच पडून राहिले. लोकांनी त्यातलं हवं ते उचलून नेलं.

मला विटांपेक्षा दप्तरांची हळहळ जास्त वाटते. विटा पुन्हा रचता येतात. जमिनीच्या नोंदी, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं गेली की माणसांचा माग संपतो. गोऱ्या जमीनदारांकडं निदान घरातले कागद, कुटुंबाच्या बायबलातल्या नोंदी तरी होत्या. गुलामीत जगलेल्यांच्या वंशजांना आपली पणजी कुठल्या शेतावर होती हे शोधायला मालकाच्या मृत्युपत्राशिवाय फारसा आधार नसतो, आणि इथं तोच आगीत गेला.

एकेका नोंदीचं मोल काय असतं हे हॅना रेनल्ड्स यांच्यावरून कळतं. ९ एप्रिलच्या सकाळी शेवटच्या चकमकीत त्या तोफगोळ्यानं जखमी झाल्या. कोलमन यांच्या घरी त्या गुलाम होत्या. त्या गुलाम म्हणूनच गेल्या असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. मृत्यूच्या नोंदवहीतली एक ओळ सापडली तेव्हा कळलं की त्यांचा मृत्यू १२ एप्रिलला झाला, आणि कोलमन यांचा उल्लेख तिथं ‘पूर्वीचे मालक’ असा आहे. म्हणजे शेवटचे तीन दिवस हॅना स्वतंत्र होत्या. २०१५ मध्ये शरणागतीला दीडशे वर्षं झाली तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ प्रार्थना झाली आणि काउंटीतल्या मुक्त झालेल्या प्रत्येक माणसासाठी एक असे ४,६०० दिवे लावले गेले. माझ्या मते त्या समारंभातली ही सर्वांत योग्य गोष्ट होती.

आज जुन्या जागी जे कोर्ट दिसतं ते १९६३-६४ मध्ये नव्यानं बांधलेलं आहे. १९४० मध्ये हा परिसर राष्ट्रीय स्मारक झाला, पाठोपाठ उत्खनन सुरू झालं, दुसऱ्या महायुद्धानं काम थांबलं. मॅक्लीन यांचं घर १९४९ मध्ये खुलं झालं, कोर्टाची पाळी त्यानंतर आली. १८६५ मध्ये टिमथी ओसलिव्हन यांनी काढलेला फोटो मी फोनवर उघडून समोर धरला: उत्तरेचे सैनिक, त्यांच्यामागं वरच्या मजल्याच्या दाराकडं बाहेरून चढणाऱ्या पायऱ्या. समोरच्या इमारतीलाही तशाच पायऱ्या. खाली माहितीचं टेबल, वर प्रदर्शन. खटला मात्र इथं एकही चालत नाही.

ते काम चालतं तीन मैलांवरच्या अपोमॅटॉक्स शहरात, आणि तिथं गेल्याशिवाय ही सहल पुरी होत नाही. १८९२ चं विटांचं कोर्ट तिथं आहे, जुना तुरुंग आता काउंटीचं संग्रहालय आहे, आणि खाली रेल्वेचे रूळ. पर्यटक इकडं कमीच फिरकतात. पण त्या आगीनंतर या काउंटीचा संसार इथंच चालला आहे. त्याआधीचं काही शोधायचं असेल तर पुन्हा रिचमंड गाठावं लागतं. करांच्या याद्या आणि जन्ममृत्यूच्या नोंदी यांच्या प्रती त्या काळी राज्याकडं पाठवल्या जात होत्या, आणि त्या आता लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात बघायला मिळतात.