नॅशव्हिल: हिस्लॉपच्या मास्तरांच्या मागावर

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला लोक येतात ते कंट्री संगीतासाठी. ब्रॉडवे या इथल्या रस्त्यावर दिवसाढवळ्याच गिटारी सुरू होतात. मी आले होते ती कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यातले अहिंसेचे शिक्षक जेम्स लॉसन यांच्यासाठी. आमच्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात ते शिकवत होते, हे नागपुरातही फार जणांना ठाऊक नाही.

कोरियन युद्धाच्या काळात सक्तीच्या लष्करभरतीला नकार देऊन लॉसन तुरुंगात गेले. सुटल्यावर, १९५३ साली, मेथडिस्ट चर्चतर्फे नागपूरला आले आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमरीत कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध शहरातल्या बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी डिसेंबर १९५५ मध्ये नागपुरातच वाचली. अमेरिकेत परतल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना सांगितलं, थांबू नका, लगेच दक्षिणेत या. म्हणून ते नॅशव्हिलला आले.

इथल्या दुकानांत कृष्णवर्णीय माणसाला वह्या, कपडे, साबण सगळं विकत मिळे, पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर त्याला बसता येत नसे. या काउंटरवर जाऊन बसण्याच्या सत्याग्रहासाठी लॉसन यांनी एका चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांची शिबिरं घेतली. काही मुलं गोऱ्या गुंडांची भूमिका करत. शिव्या द्यायच्या, तोंडावर धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं. उरलेल्यांनी हात उगारायचा नाही. अहिंसा म्हणजे निव्वळ मनाचा चांगुलपणा, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. इथं तिची अक्षरशः तालीम झाली होती.

सार्वजनिक ग्रंथालयात या लढ्याचं एक स्वतंत्र दालन आहे. मधोमध काउंटरसारखं गोलाकार टेबल, भोवती स्टुलं आणि टेबलावर विद्यार्थ्यांचे दहा नियम कोरलेले. कुणी मारलं किंवा अपमान केला तरी उलट मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्याने हसू नका. सरळ बसा, तोंड कायम काउंटरकडे ठेवा. शेवटच्या नियमात येशू आणि किंग यांच्या जोडीला गांधीजींचं नाव आहे. त्या अक्षरांवरून मी बोट फिरवलं. ‘सरळ बसा’ या साध्या सूचनेपाशी डोळे भरून आले. पाठीवर सिगारेट विझवली जात असताना सरळ बसायचं होतं त्या मुलांना!

तसं खरंच घडलं, २७ फेब्रुवारी १९६० रोजी. वूलवर्थ आणि आसपासच्या दुकानांत जमावाने मुलांना स्टुलांवरून खेचून बडवलं. पोलिसांनी पकडलं ते मार खाणाऱ्यांना, तब्बल ८१ जणांना. पहिली तुकडी उचलून नेली की दुसरी येऊन बसे. कोर्टाने दंड केला, तर दंड न भरता मुलं तुरुंगात गेली. वूलवर्थच्या इमारतीत आता नाट्यगृह आहे आणि समोरच्या रस्त्याला जॉन लुईस यांचं नाव दिलंय. पुढे अमेरिकेच्या संसदेत गेलेले लुईस हेही या मुलांपैकीच एक. लॉसन यांना मात्र ते शिकत होते त्या इथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याच मार्चमध्ये काढून टाकलं. पुढे कित्येक वर्षांनी त्याच विद्यापीठाने त्यांना सन्मानाने शिकवायला बोलावलं.

वूलवर्थपासून मी चालत कोर्टाच्या इमारतीकडे गेले. १९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. लूबी पतीपत्नी बचावले. त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे चालत या पायऱ्यांपाशी आले. डायन नॅश या विद्यार्थिनीने महापौर बेन वेस्ट यांना थेट विचारलं, रंगावरून भेदभाव करणं चूक आहे, असं तुम्हाला वाटतं का? त्यांनी सर्वांदेखत कबूल केलं. १० मे रोजी शहरातल्या सहा दुकानांचे काउंटर सगळ्यांना खुले झाले.

नॅशव्हिलहून आम्ही मॉन्टगोमरीचा रस्ता धरला. आंतरराज्य बसप्रवासातला भेदभाव मोडायला निघालेल्या पहिल्या तुकडीला अलाबामात मारहाण झाली, तेव्हा तो प्रवास अर्धवट सोडायचा नाही, असं ठरवून नॅशव्हिलचेच विद्यार्थी पुढे सरसावले. मॉन्टगोमरीच्या ज्या बसस्थानकावर २० मे १९६१ रोजी त्यांना जमावाने रक्तबंबाळ केलं, तिथं आता संग्रहालय आहे. त्याबद्दल पुढच्या भागात लिहीन.